करवंटीखालचा भुईचाफा

तीर्थरूप आप्पांस,
दर्शनाचा नागपूरहून नमस्कार.

“दिसत नाही म्हणून भुईचाफा गेला असं समजायचं नाही हो,” असं म्हणत, पानं सुकली की आई त्या जागी करवंटी पालथी घालायची. थंडीत माझ्या कुंडीतली पानं गेली, तेव्हा मीही तेच केलं. काल मातीतून थेट दोन फुलं आली. वासानं पाली गावातली आपली पडवी आठवली.

तुम्ही फोनवर “ठणठणीत आहे” म्हणालात. शेजारच्या कुसुमकाकू सांगतात, भुईचाफ्याला विहिरीचं पाणी नेताना घसरलात. गुडघ्याची सूज उतरली का?

आप्पा, पावसाआधी आईचे कंद काढा आणि ते घेऊन इकडे राहायला या. “पालीचं घर कोण बघेल?” म्हणाल, ठाऊक आहे. तरी या. गॅलरीत सावली आहे, तुम्हाला आणि भुईचाफ्याला पुरेल एवढी.

तुमची,
दर्शना