सिनेमातली वाट बघणारी बायको

९ नोव्हेंबर
टीव्हीवर पुन्हा एका गवयाचा सिनेमा. गरिबी, रेडिओला कान लावून बसलेलं लेकरू, मग नाव, मग दारू, शेवटी भरलेलं मैदान आणि दारात डोळे पुसणारी बायको. पुढं काय होणार ते सगळं पाठ. तरी रडले.
प्रकाश हसला. "आई, आता बाबावर सिनेमा निघून राहिला, तवा किती रडशील!"
हे असायला पाहिजे होते. तीन वर्षं झाली जाऊन. भीमजयंतीला ज्यांच्या गाण्याशिवाय गाव हलायचं नाही, त्यांच्यावर सिनेमा, आणि बघायला हेच नाहीत.

१४ नोव्हें.
दिग्दर्शक आले. पुण्याचे, गोड बोलणारे. गोष्ट वाचून दाखवली. त्यात मी इथं सेनगावात चुलीपुढं बसून ह्यांची वाट बघते.
म्हटलं, "साहेब, मी तर ह्यांच्या गाण्याच्या पार्टीतच होते. कोरसला. जीपमधी ढोलकीवाल्याच्या बाजूला बसून जायचो आमी."
"माहीत आहे हो आजी. पण बायको घरी असली की लोकांना भिडतं."
मी मान डोलावली. वर चहाही केला. काय म्हणून डोलावली?

१५ नोव्हें.
कशात मन नाही. ह्यांना कडवं आठवेना झालं की पेटीवर बोटं घुटमळायची. मी ओळखायची. धृपद परत उचलायची, कडवं सापडेपर्यंत फिरवत राहायची. लोकांना वाटायचं, ही ह्यांची खुबी. घरी म्हणायचे, "तू नसती तर म्या अर्ध्यातच उठलो असतो." घरीच म्हणायचे. स्टेजवर कधीच नाही. राग आता येतोय, लई उशिरा.

२० नोव्हें.
प्रकाशला म्हटलं, साहेबांना फोन लाव.
"काहून आता? तूच तर व्हय म्हणलीस. आन् बाबाचं नाव होऊन राहिलं न."
बराबर आहे त्याचं. ह्यांनी कधी दारूला हात लावला नाही, म्हणून गोष्टीतला दारूचा सीन मात्र त्यानं भांडून काढायला लावला. बापासाठी भांडला. माझ्यासाठी... जाऊ दे.

२ डिसें.
वारंगा फाट्याजवळ एका घरात शूटिंग. सिनेमात माझं काम करणारी पोरगी गुणी आहे. पाया पडली.
"आजी, दारात उभं राहून वाट कशी बघायचात?"
सांगणार होते, बाई, मी कधी बघितलीच नाही. पण हे गेल्यापासून दुसरं करते काय मी? उभी राहून दाखवलं. साहेब खूश, "अगदी असंच हवं." पोरीनं हुबेहूब उचललं. माझंच मला बघवेना.
जाताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हीपण गायचात का हो?"
तेवढ्यात तिला शॉटला हाक आली. उद्या सांगते म्हटलंय. उद्या तिचं काम संपतंय.