एकाच नावाचे दोघे

३ ऑक्टोबर
मान खाली घालून बँकेतून बाहेर पडलो. घराचं कर्ज नामंजूर! का — तर मी हॉस्पिटलचं बिल थकवलंय, ते वसुली कंपनीकडे गेलंय, आणि तसं क्रेडिट रिपोर्टवर लागलंय. मी! गेल्या कित्येक वर्षांत हॉस्पिटलची पायरी चढलो नाही.

बँकेतल्या लोरीनबाई चर्चमध्ये माझ्याच मागच्या बाकावर बसतात. हळूच म्हणाल्या, "वर्लिन, राजा, अडचण होती तर सांगायचंस ना." मागे रांग. तरी सगळ्यांनी ऐकलं. कान तापले नुसते.

ट्वायलाला सांगितलं, कागद अपुरे आहेत. बायकोशी खोटं बोललो. तिने त्या घराच्या स्वयंपाकघराचा रंगसुद्धा ठरवलाय!

४ ऑक्टोबर
वसुलीवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस जांभया देत होता. "वर्लिन स्टॅम्पर ना? मग भरा की!" बिल मार्चमधलं — अ‍ॅम्ब्युलन्स आणि इमर्जन्सी. जन्मसाल विचारलं, तर १९५३!

म्हणजे बाबा. ते वर्लिन स्टॅम्पर सीनियर, मी ज्युनियर. कुणीतरी तेवढा शब्द गाळला आणि त्यांचं बिल माझ्या गळ्यात.

आजोबांचंही नाव वर्लिनच होतं; ते गेल्यावर बाबा सीनियर झाले. बाबांना काय तो अभिमान! डोकं फिरलंय माझं.

६ ऑक्टोबर, रविवार
लिहायलाही लाज वाटते.

प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. बाबा दुसऱ्यांदा भाजलेल्या खिम्याचा मीटलोफ वाढून घेत होते, बायकांची थट्टा करत होते. मला राहवेना. मोठ्याने म्हणालो, "नाव दिलंत ते दिलंत, आता उधारीही माझ्याच नावावर का?"

बाबांनी ताट खाली ठेवलं. "छातीत जरा कळ आली होती रे. शेजारच्या ब्युलाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी नको नको म्हणत होतो. हळूहळू फेडतोच आहे... तुझ्या नावावर गेलं हे मला कुठे ठाऊक!"

"मग बोलावू द्यायची नव्हती!"

हे मी बोललो. लोरीनबाईंच्या देखत.

बाबा फक्त "बरं" म्हणाले. टोपी घातली आणि निघून गेले. मीटलोफ तसाच.

७ ऑक्टोबर
ट्वायलाने दिवसभरात एकच वाक्य टाकलं — "कळ कशाने आली, विचारलंस तरी?" नाही विचारलं.

९ ऑक्टोबर
रिपोर्टवाल्यांकडे तक्रार केली. नोंद काढतील म्हणे. लोरीनबाईंचा फोन आला, "होईल रे तुझं घर!"

बाबांना तीनदा फोन लावला, उचलत नाहीत. रुसलेत. रुसणारच! उद्या सकाळी त्यांच्या आवडीचा नाश्ता, मऊ पावासारखी बिस्किटं आणि वर ग्रेव्ही, घेऊन जातो. माफी कशी मागायची देव जाणे. आमच्या घरात कुणी कुणाची मागितलेलीच नाही.

१० ऑक्टोबर
बाबा अतिदक्षता विभागात. छातीत कळा येत असताना स्वतः पिकअप ट्रक चालवत हॉस्पिटलला आले — एकटे! पार्किंगमध्येच स्टिअरिंगवर कोसळले. डॉक्टर म्हणतात, फार उशीर केला.

आत सोडेनात. नर्सने दारातच विचारलं, "ज्युनियर म्हणजे तुम्हीच का? स्ट्रेचरवर सारखे एकच बोलत होते — सीनियर लिहा हं पोरी, सीनियर."