कमलकाकूंची धुतलेली बाटली

बुधवार, संध्याकाळ

आमच्या संशोधनाचे प्रमुख असलेले सर आज सहज म्हणाले, "पावस गावच्या कमलकाकूंना चाचणीच्या यादीतून काढा. गोळ्या घेतल्याच नसतील त्यांनी." का? तर आमच्या प्रोबायोटिक गोळ्यांनी बाकीच्यांची पोटं सुधारली, त्यांचं नाही. काकूंनी तर रिकामी बाटलीसुद्धा धुऊन, उन्हात सुकवून परत आणली होती. म्हणाल्या, "बाय, येक दिस चुकवला नाय. पण पोट व्हतं तसंच हाय. तसंच लिव."

धुतलेल्या बाटलीने काही सिद्ध होत नाही, कळतं मला. पण सरांकडे तेवढंही नाही. उद्या ती बाटली त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि सांगणार: काकूंना यादीतून काढायचं असेल, तर शोधनिबंधावरून आधी माझं नाव काढा.