ओडेलचं रिव्हॉल्वर चकाचक

३ सप्टेंबर, सकाळी

कोल्बीचं लग्न ठरलं. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, आपल्याच चर्चमध्ये. मुलीचं नाव शेला. बरी आहे, पण हसते फार.

नातवाला काय द्यायचं ते मी चहा संपायच्या आत ठरवलं. ओडेलच्या आजोबांचं रिव्हॉल्वर. ते कोळशाच्या खाणीवर रखवालदार होते तेव्हाचं. आजोबांकडून सासऱ्यांकडे, सासऱ्यांकडून माझ्या नवऱ्याकडे, ओडेलकडे. ओडेल जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून बुटांच्या खोक्यात पडलंय. डॅरिलला, म्हणजे आमच्या मुलाला, देण्यात अर्थ नाही. त्याच्या ट्रकच्या सीटखाली सडेल.

सुनेची आई नेडीन फ्रीजर देणार आहे. हरणाचं मांस ठेवायला. फ्रीजर! पोरगा आयुष्यभर झाकण उघडणार आणि थंडगार तंगडी बघून त्या आजीची आठवण काढणार. काढू दे.

५ सप्टेंबर

खोकं उघडलं. रिव्हॉल्वर बघवेना. सगळं तपकिरी पडलेलं, फिरायचं ते चाक फिरेना. आणि लाकडी मूठ! दोन्ही बाजूंनी चिराच चिरा, उंदरानं कुरतडल्यासारख्या. हा ओडेलचा चाळा. त्या माणसाला हात स्वस्थ ठेवता येत नसत. चाकू उघडायचा आणि दिसेल ते कोरायचं, खुर्चीचा हात म्हणू नका, कुंपणाचा खांब म्हणू नका. कोल्बी लहान असताना दोघं तासन् तास कोठारामागे कुंपणावरचे डबे याच रिव्हॉल्वरनं उडवत बसायचे आणि मी इकडे घेवड्याच्या शेंगा मोडत मरायची. परत आला की मुठीवर आणखी ओरखडे. एकदा विचारलं, हे काय? म्हणाला, हिशेब. कसला हिशेब, डोंबलाचा.

निश्चय केला: लग्नापर्यंत नवंकोरं करायचं. आपल्या हातानं. मी चौथीत शाळा सोडली, पण पातेल्याचं बूड माझ्यासारखं या खोऱ्यात कोणी घासत नाही.

९ सप्टेंबर

चाक फिरत नाही म्हणून होबार्टकडे जावं लागलं. तो बंदुका दुरुस्त करतो. ओडेलचा खाणीतला सोबती, त्यामुळे मला वहिनी म्हणतो आणि अक्कल शिकवतो. रिकामं आहे ना ते आधी तीनदा बघितलं. मग कसलंसं तेल सोडलं, चाक फिरलं. म्हणाला, वहिनी, आता याला हात लावू नका. तेलाचं फडकं फिरवा आणि आहे तस्सं द्या. मी म्हटलं, म्हणजे लोक म्हणतील म्हातारीनं उकिरड्यातून उचलून दिलं. तो म्हणाला, अहो, हा रंग चढायला शंभर वर्षं लागलीत. मी म्हटलं, माझ्या दातांवरही चढलाय, म्हणून मी ते कुणाला भेट देत नाही.

आळशी माणूस. काम टाळायचं असलं की पुरुष जुन्या वस्तूंचा मान ठेवायला लागतात.

१२ सप्टेंबर

लोणच्याचा व्हिनेगर आणि भांडी घासायची तारेची घासणी. दुपारभर घासलं. तपकिरी सगळं गेलं! नळीवर काही अक्षरं होती, तीही गेली. असेल कुठल्या कारखान्याचं नाव. आमच्या घराण्याचं थोडंच होतं?

खांदा दुखतोय. पण आनंद असा की कोंबड्यांनाही सांगून आले.

१६ सप्टेंबर

सून आली होती, टोन्या. बघून म्हणाली, आई, कोल्बीला विचारलंत का हो? त्याला कदाचित जुनंच आवडेल. मी म्हटलं, विचारून दिली तर ती भेट कसली, ती मागणी. ही बाई न्याहारीच्या मऊ बिस्किट-पावांवर घरचा रस्सा सोडून पाकिटातली ग्रेव्ही ओतते. हिला जुनं काय आणि नवं काय!

जाताना म्हणाली, माझी आई म्हणत होती तुमची भेट फार मोलाची. बघा! नेडीन घाबरली.

२० सप्टेंबर

घासून घासून रिव्हॉल्वर राखाडी दिसायला लागलं. व्हिनेगरचं पाणी कमअस्सल होतं. पण मी हटणारी नाही. हायवेवर ट्रॅव्हिस नावाचा माणूस मोटारसायकलींना क्रोमचा मुलामा चढवतो. त्याच्याकडे गेले. म्हणाला, काकू, मी बंदुकीचं काम करत नाही. मी त्याच्यापुढे वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक ठेवला. तिसऱ्या तुकड्याला म्हणाला, भाग सुटे करून आणा, बघतो.

डॅरिलकडून भाग सुटे करून घेतले. म्हणत होता, आई, हे होबार्टचं काम आहे. मी म्हटलं, तुझ्या बापानं तुला स्क्रू काढायलाही शिकवलं नाही का?

२७ सप्टेंबर

आलं!! ट्रकच्या बंपरसारखं चमकतंय. तोंड दिसतं. मी त्यात बघून लिपस्टिक लावली, हसू येईल पण लावली.

डॅरिलनं परत जोडलं. एक स्क्रू उरला. उरला म्हणजे नको होता. चाक परत फिरत नाही, पण भिंतीवर लावायच्या वस्तूला फिरून जायचंय कुठे?

होबार्ट चर्चबाहेर भेटला. मी पर्समधून काढून दाखवलं. त्यानं टोपी काढली. कुणी मेल्यावर काढतात तशी. तोंड बंद केलं की नाही त्याचं!

३० सप्टेंबर

फक्त मूठ राहिली होती. सँडपेपर घेतला आणि व्हरांड्यात बसले. चिरा खोल होत्या, वरच्या बाजूच्या जुन्या आणि काळ्या, खालच्या त्यामानानं नव्या. एवढा वेळ या माणसानं कोंबड्यांचं खुराडं शाकारण्यात घालवला असता तर! एका दुपारीत सगळं सपाट. वर चर्चच्या बाकांचं उरलेलं व्हार्निश, तीन हात. आता मूठ अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल.

८ ऑक्टोबर

देताना काय बोलायचं ते आरशासमोर पाठ केलं. त्यात नेडीनचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. फक्त एकदा, विजेचं बिल येतं त्या भेटींबद्दल सर्वसाधारण बोलायचं.

११ ऑक्टोबर, लग्नानंतर

झालं. मीच गाजले.

भेटींच्या टेबलावर माझी रिव्हॉल्वरची पेटी झाकण उघडून सगळ्यांत मध्ये ठेवली. फ्रीजर मागे भिंतीशी, लाल रिबीन बांधून, गायीला बांधावी तशी. कुणाचं तरी कार्टं म्हणालं, हे पाणी उडवायचं आहे का? त्याच्या आईनं त्याला ओढून नेलं. नेडीन वाकून बघत म्हणाली, वर्डी, किती गं चकचकीत. आवाज कसा बारीक झाला होता बाईचा!

कोल्बीनं हातात घेतलं. अंगठा मुठीवरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग उलटं करून दुसऱ्या बाजूनं. डोळे भरले पोराचे. मला मिठी मारली आणि हवा खायला बाहेर गेला. माझं भाषण राहिलंच. पण जे व्हायचं ते झालं होतं. भारावून गेला.

१३ ऑक्टोबर

कोल्बी एकटाच आला. पेटी घेऊन. म्हणाला, आजी, हे तुझ्याकडेच राहू दे. मी म्हटलं, एवढं भारी वाटतं का रे? भिंतीला नाही शोभत? तो म्हणाला, शोभतं गं. मग म्हणाला, मुठीवरच्या चिरा कुठे गेल्या?

मी म्हटलं, घासून काढल्या. तुझ्या आजोबांचा चाळा, दुसरं काय!

म्हणाला, त्या माझ्या होत्या. मी डबा पाडला की आजोबा एक चीर पाडायचे. पहिली मी सहा वर्षांचा होतो तेव्हाची. शेवटची त्यांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी माझा नेम चुकला होता, तरी पाडली. म्हणाले, मला दिसत नाही नीट, लागला असेल.

ग्रेव्ही गरम केली. दोन बिस्किटं खाल्ली त्यानं, छान झालीत म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मी चांगलं सुनावलं असतं.

पेटी टेबलावर ठेवून गेला.

१५ ऑक्टोबर, दुपारी

ओडेलचा चाकू काढला. मुठीवर एक चीर पाडली. व्हार्निशचा टवका उडाला, चीर वाकडी गेली. पुढची केवढ्या अंतरावर होती? ओळीत होत्या की कशाही? आणि किती?

डॅरिलला फोन केला. म्हणाला, आई, मला कुठलं माहीत, कोल्बीला विचार.

विचारणार नाही.