लाल शाईची वही

भवानीनगर,
ता. ६ नोव्हेंबर १९९५

ती. अण्णांस, रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेला तुमी दोन दिवस राहून गेलात, घर भरल्यासारखं वाटलं. आता कारखान्याचं गळीत सुरू झालंय. हे दिवसभर वजनकाट्यावर असत्यात. उसाच्या गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत लागती.

तुमी टीव्ही गेमचं खोकं पिशवीत घालून निघालात, तवा श्रेया दारापर्यंत आली न्हाय. रागावू नका. नववीत पहिली आली म्हणून ह्यांनीच आणून दिलेला गेम, अन् ह्यांनीच काढून घेतला. दहावीची परीक्षा हुईस्तोवर हात लावायचा न्हाय, असं सांगितलंय. पोरीनं एवढा शब्द पाळला आणि मार्क पडले, तर पुण्याला हॉस्टेलवर ठिवून अकरावी. ह्यांचं म्हणणं, मार्क काय कुणालाबी पडत्यात, पण पोरीला एवढं लांब ठिवायचं तर भरवसा पायजे. श्रेयाचा सगळा जीव त्या पुण्यात अडकलाय.

खोकं कपाटात कुलपात ठिवा. ‘कोऱ्हाळ्यात करंट वरखाली होतो, तर अण्णांना सांग, लावून बघूबिघू नका,’ असं हे म्हणत होते. मी हसले. म्हटलं, आमचे अण्णा बातम्या लावायला सुद्धा वहिनीला हाक मारत्यात, ते काय गेम लावणार?

श्रेया दर रविवारी संस्कृतचा पेपर लिहून पोस्टानं पाठवील. तेवढा तपासून धाडा. प्रयागवहिनींना नमस्कार. माया हाय तशी असू द्या.

तुमची,
रोहिणी

*

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. १७ डिसेंबर १९९५

प्रिय मित्र दत्तोबा यांस, स. न. वि. वि.

इंदापूरला निवृत्त होऊन तुम्ही सुखात असाल. आम्हांस अजून सहा वर्षे विद्यादान करायचे आहे. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावे, ही पहिली विनंती.

भाचीचा टीव्ही गेम माझ्याकडे ठेव म्हणून आहे, हे मागे लिहिले होतेच. कपाटात उंदीर शिरला असावा अशी मला शंका आली. शंका शास्त्रशुद्ध होती, उंदीर नव्हता. पण खोके उघडले गेले. उघडले तसे ते चालते की नाही हे पाहणे कर्तव्यच होते. वायर टीव्हीच्या पाठीत कुठे खोचायची हे शोधण्यात एक रविवार गेला. त्यानंतरचे तीन रविवार कसे गेले ते सांगतो.

चार कॅसेटी आहेत. पहिलीत रणगाडे. विटांच्या कोटात आपला झेंडा, तो शत्रूपासून राखायचा. शत्रू अजून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होता, तेवढ्यात मीच गोळा मारून आपला कोट फोडला आणि दुसऱ्या गोळ्याने झेंडा पाडला. असे सलग पाच वेळा. दुसरीत मोटारसायकलची शर्यत. मी रस्ता सोडून गवतात गेलो आणि तिथेच राहिलो. तिसरीत एक गडी खड्ड्यांवरून उड्या मारतो. त्याला तीन जन्म मिळतात. आपल्या शास्त्रांनी चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या; खड्ड्यांची ती संख्या पाहता शास्त्रकारांचा अंदाज अधिक बरोबर वाटतो.

चौथीत बदके उडतात, ती प्लॅस्टिकच्या बंदुकीने टिपायची. मला एकही लागेना. प्रयाग भाकरी थापता थापता उठून आली, पिठाच्या हातानेच बंदूक घेतली आणि तीन बदके पाडली. म्हणाली, मेंढरामागं दगड मारून हात बसलाय, तुमचा निस्ता खडूवर बसलाय. मग बंदूक माझ्या मांडीवर टाकून तव्याकडे गेली, आणि जाताना म्हणाली की ही पोरीची वस्तू हाय, आता पुरे. पुरे झाले नाही.

खोक्यात श्रेयाची एक छोटी वही आहे. कुठल्या खेळात किती गुण झाले ते तिने तारीख घालून लिहिले आहे. तिचे आकडे चार-चार अंकी आहेत. त्यांच्या खाली मी माझे लिहितो. लाल शाईने, शेऱ्यासह. ‘लक्ष नाही.’ ‘घाई करतो.’ ‘पालकांनी भेटावे.’ सवय जात नाही, दत्तोबा. आमचे वडील मेंढराच्या पाठीवर गेरूचे बोट ओढल्याशिवाय त्याला वाड्यातून सोडत नसत. मी गुण दिसले की शेरा मारतो.

मनाला बोचते. मुलीकडून हिसकावलेली वस्तू मी मांडीवर घेऊन बसतो, आणि तिच्या उत्तरपत्रिका मेजावर तशाच असतात. आजपासून बंद करीत आहे. स्नेह आहेच, तो वाढवावा.

आपला,
आबाजी

*

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. १४ जानेवारी १९९६

चि. सौ. रोहिणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगुळाचे पुडके मिळाले. वड्या इतक्या कडक झाल्या आहेत की माझ्या दाढेने तुझे नाव काढले.

श्रेयाच्या चार उत्तरपत्रिका एकदम परत पाठवीत आहे. उशीर झाला. शाळेच्या कामाचा व्याप, दुसरे काही नाही. भाषांतर सुरेख, व्याकरण नेटके. चौथी पत्रिका मात्र माझ्या हाती दोन दिवस उशिरा आली, म्हणून तिचे गुण निम्मे केले आहेत. ताप आला होता असे तिने लिहिले आहे, ते खरेच असणार; पण उशिरा आलेल्या पत्रिकेला निम्मे गुण हा माझा पंचवीस वर्षांचा नियम आहे, आणि तो भाचीसाठी मोडला तर वर्गातल्या पोरांना काय तोंड दाखवू? तिला म्हणावे, रुसू नको.

खोके कपाटात आहे. दाजींना सांग, निर्धास्त असावे. आमची आठवण धरावी.

तुझा,
अण्णा

*

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. २६ फेब्रुवारी १९९६

प्रिय दत्तोबा यांस, स. न. वि. वि.

डिसेंबरात ‘बंद करीत आहे’ असे लिहिले होते. ते वाक्य मागे घेतो.

मधल्या काळात माझी प्रगती झाली होती. रणगाड्यांत मी झेंडा तीन फेऱ्या राखला. मोटारसायकल गवतातून बाहेर आली आणि शेवटून दुसरी आली. बदकेही पडू लागली. राहता राहिला उड्या मारणारा. त्याच्या वाटेवर सातवा खड्डा आहे. त्यापलीकडे काय आहे ते पाहावे, एवढीच इच्छा उरली होती.

काल दुपारी तो सहाव्यापर्यंत पोहोचला. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारी एकदम थांबल्या की विजेचा दाब उसळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवा भगभगला. प्रयाग अंगणातून ओरडली की बटन बंद करा. मी ऐकले. पण गडी हवेत होता. तो जमिनीवर उतरू दे, मग बंद करतो, असे मनात म्हटले. तो उतरला नाही. पडदा पांढरा झाला आणि खोक्यातून जळक्या रबराचा वास आला.

आज अर्धी रजा टाकून बारामतीला गेलो. दुरुस्तीवाल्याने खोलून पाहिले आणि आतले सगळे गेले म्हणाला. तसला दुसरा पुण्यामुंबईत सापडला तर सापडेल. कुणाचा आहे असे त्याने विचारले. शाळेचा, असे मी सांगितले. शाळेचे नाव मी आजवर कुठल्याही खोट्यात घातले नव्हते.

खोके होते तसे बांधले आहे. रिमोट, बंदूक, कॅसेटी, वही, सगळे जागच्या जागी. रोहिणीला लिहायला तीनदा कागद घेतला. श्रेयाची परीक्षा तोंडावर आहे, तिचे चित्त विचलित नको, म्हणून आता लिहीत नाही. हे कारण मला स्वतःलाच फार सोयीचे वाटते. परीक्षा झाली की सांगेन.

आपला,
आबाजी

*

भवानीनगर,
ता. १४ एप्रिल १९९६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तुमी त्या दिवशी खोकं ठिवून चहासुद्धा न घेता गेलात. एस.टी. चुकंल म्हणालात, पण एस.टी. तर अर्ध्या तासानं होती. तब्बेत बरी हाय ना?

अण्णा, हितं फार वाईट झालं. गेम लावला तर चालंना. ह्यांनी स्क्रू काढून बघितलं, आत सगळं काळं. हे काट्यावरचे. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, मधला हिशोब आपोआप निघतो म्हणत्यात. गेम हितनं गेला, अण्णांच्या कपाटात कुलपात राहिला, हितं आला. अण्णा लावणार न्हाईत. मग जळला कुठं? हितंच, दिवाळीच्या आधी. श्रेयानं आतनं कडी लावून एकटीनं खोकं बांधलं होतं, ते ह्यांच्या ध्यानात हाय. म्हणाले, चोरून खेळली, जाळला, आणि गुमान बांधून मामाच्या हातात दिला.

पोर एक शब्द बोलली न्हाय. म्या शपथ घातली तरी न्हाय. निस्ती माझ्याकडं बघत राहिली. हे म्हणाले, जी घरात लपवती ती पुण्यात काय करंल? हॉस्टेलचा फॉर्म आणला होता तो घडी घालून ट्रंकेत टाकला. जूनच्या पंधरा तारखेला हॉस्टेलची यादी लागती.

तुमचं म्हणणं हे ऐकत्यात. तुमच्यावाणी माणूस न्हाय असं चारचौघांत सांगत्यात. माझ्या माहेरचं तेवढंच तर नाव हाय हितं. तुमी त्यांना दोन शब्द लिहा, पोरीला माफ करा म्हणून. वाट बघते.

तुमची,
रोहिणी

*

इंदापूर,
ता. २० मे १९९६

प्रिय आबाजी यांस, स. न. वि. वि.

एप्रिलनंतरचे तुमचे चारही कागद पोहोचले. बहिणीला तुम्ही काय लिहिले त्याची नक्कलही वाचली. ‘बंद कपाटातील दमट हवेने यंत्रे आपोआप खराब होतात, सबब मुलीस क्षमा करावी.’ वाक्य निर्दोष आहे. मी तुमच्या जागी असतो तर असेच लिहिले असते, आणि म्हणूनच मला त्याची लाज वाटली.

मास्तर, तुम्ही मुलीसाठी क्षमा मागितलीत. तिने काय केले होते?

माझ्याकडे पत्रे पाठवून तुमचे मन हलके होते, हे माझ्या ध्यानात आले आहे. तेव्हा ही सोय बंद करतो. भवानीनगरला पत्र गेल्याचे कळेपर्यंत मला लिहू नये. त्यानंतर सवडीने या, आंबे आहेत.

आपला,
दत्तोबा

*

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. १७ जून १९९६

रा. रा. दाजी यांस, आबाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र रोहिणीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, कारण आपला हिशोब चुकला आहे आणि तो माझ्यामुळे चुकला आहे.

गेम मी जाळला. श्रेयाने चालता दिला होता. तो माझ्या कपाटात फार तर महिनाभर राहिला असेल. नंतर मी दर रविवारी खेळलो, चारही कॅसेटी खेळलो, आणि २५ फेब्रुवारीला विजेचा दाब वाढलेला दिसत असताना, प्रयाग बंद करा म्हणत असताना, बंद केला नाही. मला सातवा खड्डा ओलांडायचा होता. एवढेच कारण आहे. याहून मोठे असते तर बरे झाले असते.

आपण पोरीवर आळ घेतलात तो माझ्यावरच्या विश्वासापोटी. माझे वजन आपण न तोलताच मांडलेत. मला ते एप्रिलमध्येच कळले होते आणि मी दमट हवेविषयी लिहिले. परवा शाळा उघडली. आठवीच्या वर्गात एका मुलाला खोटे बोलला म्हणून उभे केले, आणि त्याच्या शेजारी मीच उभा आहे असे वाटून त्याला खाली बसवले.

यादी पंधराला लागली, हे मला ठाऊक आहे. पहिले पत्र चौदालाच लिहून तयार होते. ते टाकायचा धीर झाला नाही; आज तीन दिवसांनी नव्याने लिहून टाकतो आहे. तरीही काही करता येत असेल तर करावे. श्रेयाने शब्द पाळला होता. न पाळणारा मी. रोहिणीला आपल्या घरात माझ्यापायी मान खाली घालावी लागू नये, एवढे मागण्याचा हक्क मला उरलेला नाही, तरी मागतो.

आपला अपराधी,
आबाजी

*

भवानीनगर,
ता. २६ जून १९९६

ती. मामांस, श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. पप्पांनी ते तीनदा वाचलं, मग मला हाक मारली. मी वही नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवली.

मामा, तुम्ही ती खोक्यातच ठेवली होती. एप्रिलमध्ये खोकं आलं त्याच दिवशी मला सापडली. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तारखा, गुण, शेरे, सगळं तुमच्या अक्षरात. शेवटची नोंद २५ फेब्रुवारीची: ‘सहा खड्डे. उत्तम. असाच प्रयत्न चालू ठेवावा.’

मी तेव्हाच दाखवली असती तर पुण्याला गेले असते. पण पप्पा आईला काही बोलले की आई म्हणते, माझ्या अण्णाला विचारा. तिच्याकडे तेवढंच आहे. ते मला काढून घ्यायचं नव्हतं. आणि खरं सांगू का, मला वाटत होतं तुम्ही स्वतःच लिहाल. म्हणून मी गप्प राहिले आणि पोस्टमनची वाट बघत राहिले. मेमध्ये तुमचं दमट हवेचं पत्र आलं, ते आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

पप्पांनी वही पहिल्या पानापासून वाचली. ‘पालकांनी भेटावे’ इथं त्यांना हसू आलं, मग ते बराच वेळ बाहेर जाऊन बसले. आत येऊन मला म्हणाले की माझंच तोलायला चुकलं. असं ते कुणालाच म्हणत नाहीत. आई रडली आणि मग तुमच्यावर इतकी चिडली की तुम्ही एवढ्यात येऊ नका. पण पप्पा म्हणाले, येऊ द्या त्यांना, मला सातव्या खड्ड्याचं विचारायचंय.

हॉस्टेलची यादी लागून गेली होती. पप्पा पुण्याला जाऊन आले, जागा उरली नाही. आता बारामतीच्या कॉलेजात नाव घातलंय, रोज एस.टी.नं जाईन. बारावीनंतर पुण्याला पाठवायचं पप्पांनी कबूल केलंय. निकाल आईनं कळवलाच असेल. संस्कृतमध्ये ९१ आहेत.

वहीच्या शेवटच्या पानावर तुमचं पत्र चिकटवलं आहे आणि खाली लाल शाईनं शेरा दिला आहे. उत्तर बरोबर. भाषा शुद्ध. काही लपवलेलं नाही. पण पत्रिका दोन महिने उशिरा आली, त्यामुळे तुमच्याच नियमानं दहापैकी पाच.

वही सोबत पाठवते. गुण वाढवून मिळणार नाहीत. मामींना नमस्कार, तुम्ही वहीत नोंदलेली त्यांची तीन बदकं मी माझ्या पानावर वेगळी लिहिली आहेत. माझ्यावर पूर्वीसारखाच लोभ असू द्या. माझा पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागेल, पण होईल.

तुमची भाची,
श्रेया