टेलिफोन बूथवरची तार

किर्यू,
११ नोव्हेंबर

चि. मिनोरी हिला बाबाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईने पर्सिमॉनची फळं सोलून वाळायला वळचणीला टांगली आहेत आणि कावळ्यांशी तिचं रोजचं भांडण सुरू झालं आहे. तुझ्या चित्रांचं प्रदर्शन रविवारी संपतंय, म्हणून म्हटलं त्याआधीच लिहावं.

उद्घाटनाच्या दिवशी तुझ्या सरांसमोर मी जे बोललो, त्यावरून आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. "पोरीचं कौतुक करताना तुमचे दात दुखतात का हो?" म्हणते. पण "बाबा, कसं वाटलं?" असं तूच विचारलंस. मला दिसलं ते मी सांगितलं, की तुझ्या मोठ्या चित्रातली, टेलिफोन बूथवरची विजेची तार मध्येच वाकली आहे. तू म्हणालीस, "पट्टी लावून ओढलीय." मी म्हणालो, "मग पट्टी वाकडी असेल." लोक हसले. तू हसली नाहीस.

मी तुझ्यासारखा चित्रकलेच्या कॉलेजात गेलो नाही. पण ज्याचा उभा जन्म पाट्या रंगवण्यात गेला, त्याला रेघ कळायची नाही तर कोणाला?

तरी घरी आल्यावर चैन पडेना. म्हणून काल आईला "रंग आणायला जातो" असं सांगून पुन्हा टोकियोला, गिन्झातल्या त्या गॅलरीत गेलो. तू नव्हतीस. बरंच झालं.

या खेपेला चित्र नीट पाहिलं. सिनेमाच्या पडद्यासारखं आडवं. पावसाने भिजलेला रस्ता, बूथमध्ये पाठमोरा माणूस, कडेला उभी गाडी आणि तिच्या काचेला आतून टेकलेला एका बाईचा तळहात. बाई दिसत नाही. लाल कंदील चौकटीबाहेर, त्याचा उजेड तेवढा बॉनेटवर सांडलेला. मी आपल्या गावच्या सिनेमा थिएटरसाठी इतके बोर्ड रंगवले, पण नटाचा चेहरा जितका मोठा तितका बोर्ड चांगला, एवढंच मला ठाऊक. तू एकही चेहरा न दाखवता मला खिळवलंस. आता तो वळेल, आता ती काच खाली करील... कोणी काही करत नाही. जीव नुसता टांगणीला. मी मध्येच बाहेर फुटपाथवर गेलो, पुन्हा आत आलो.

ओला रस्ता कसा साधलास ते मात्र ओळखलं. खाली चांदीचा वर्ख, गंधकाने काळवंडवलेला. वर निळ्या दगडाच्या पुडीचा, सरसात कालवून दिलेला पातळ हात. पूड मुद्दाम भरड ठेवलीस, म्हणून ती चमकते. माझ्या ऑइलपेंटला हे कधी जमणार नाही. हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.

पण तार? वाकडीच.

मग मी खिशातला दोरा काढला, पाटीवर रेघ मारण्याआधी ताणून धरतो तो. चित्रासमोर ताणला, तशी काउंटरवरची मुलगी धावत आली.

"आजोबा, आजोबा! चित्राला हात नका लावू!"

"हात कुठे लावतोय? हवेत धरलाय. आणि आजोबा कोणाला म्हणतेस?"

"बरं, काका. पण मोजताय काय?"

"ही तार वाकडी आहे."

ती माझ्या शेजारी उभी राहिली, एक डोळा मिटून पाहू लागली. "नाही हो. तुमच्या दोऱ्याला अगदी चिकटून चाललीय की."

खरंच होती चिकटून. कारण दोराही तिथेच वाकला होता. बोटात रुतेपर्यंत ताणला, तरी वाकलेलाच. मग तिच्यासारखा मीही एक डोळा मिटला. डावा मिटला, तर दोन्ही सरळ. उजवा मिटला, तर दोन्ही वाकडे.

परतीच्या गाडीत दारं, खांब, खिडक्या, सगळं एकेक डोळा मिटून पाहत बसलो. समोरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली. उन्हाळ्यात तांदूळवाल्याची पाटी रंगवली तेव्हा तो म्हणाला होता, "कुरामोचीसान, अक्षरं जरा कललीत का?" मी त्यालाच झापलं होतं.

मिनोरी, तुझी तार सरळ आहे. तुझ्या सरांनाही हे मी स्वतः भेटून सांगणार आहे. ते तुझ्यावर ढकलणार नाही.

मंगळवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे. थेंब घातल्यावर काही वेळ धड दिसत नाही, सोबत कोणीतरी आणा म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही. ती आधी रडेल, मग शिव्या घालील, आणि दोन्ही ऐकायची माझी तयारी नाही.

आणखी एक. थिएटरचे मालक डोमेकी यांना नव्या वर्षासाठी मोठा बोर्ड हवाय. मी सांगून टाकलं, यंदा आखणी माझी मुलगी करील. "ती कॉलेजवाली?" म्हणाले. म्हटलं, "हो, कॉलेजवाली. काही अडचण?" तुला विचारायचं राहिलं. नाही म्हणायचं असेल तर त्यांना तूच कळव. माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

मंगळवारी येशील का?

तुझा हट्टी, आणि सध्या जरा घाबरलेला,
बाबा