मायनं घासलेला रणगाडा

पुणे, रविवार, २१ जानेवारी १९७३

पण चिखल काहून पुसला? तो लावाले मले तीन रविवार लागले. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून वीतभर रणगाडा केला. चाकांच्या पट्ट्यांवर डिंकात कालवलेली माती, अंगावर विटेच्या भुकटीचा गंज, वर बसलेल्या शिपायाच्या तोंडाले काजळी. लढाईतून आल्यावानी दिसाले नको? बाबानं हातचं काम पाहावं, 'घरी ये' म्हणणं सोडावं, म्हणून तर गावी, रिठदले पाठवला.

काल धाकट्या भावाचं पत्र आलं. मायनं रणगाडा चिंच अन् राख लावून घासला. चिखल गेलाच, हिरवा रंगही गेला. वरचा शिपाई मीच आहो असं समजून ती रडली म्हणे, "पोरगं मळात राहून राह्यलं. तिकडं आंघोळीले पाणी नाही वाटते." बाबाचा निरोप, ताबडतोब निघून ये.

मी काम करतो त्या गॅरेजातले रंगारी रहीमभाई आमच्या वाशीमकडचेच. पत्र ऐकून म्हणाले, "अबे, तुझं काम लय पास झालं."

मग रडू का हसू? चिखल इतका खरा नव्हता करायचा काय?

उद्या मनीऑर्डरीवर लिहितो, रोज आंघोळ करतो. जास्त पैसे पाठवले तर माय म्हणल, साबण न घेता वाचवले. म्हणून नेहमीचेच, तीस रुपये.